आयोनाची पेटी

अल्स्टरच्या शकावलीत ८२५ सालाखाली एक आखूड नोंद आहे. फ्लानचा मुलगा ब्लाथमॅक आयोना बेटावर परधर्मीयांच्या हातून हुतात्मा झाला, एवढंच ती सांगते. दिवस नाही, कारण नाही, तो मठाधिपती होता असा उल्लेखही नाही. आयर्लंडच्या मठांमधून जमत गेलेल्या या शकावल्या अशाच तुटक असतात. राजे मरतात, गुरं मरतात, मठ जळतात, आणि खाली पुढचं साल सुरू होतं.

पण याच माणसावर लॅटिनमध्ये पावणेदोनशे ओळींच्या आसपासचं एक काव्य आहे. ते लिहिलं गेलं आयोनापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर, आल्प्सच्या अलीकडे बोडेन सरोवरातल्या राइशेनाऊ बेटावर. कवी वालाफ्रिड स्ट्राबो, तिथल्याच मठातला. त्याच्या काव्यात ब्लाथमॅक मरतो तो एका पेटीपायी. संत कोलंबाच्या अस्थी मौल्यवान धातूत मढवून ठेवल्या होत्या. ती पेटी कुठे आहे हे हल्लेखोरांना हवं होतं, आणि त्यानं ते सांगितलं नाही. या पेटीचा मागोवा घेत गेलं की ब्लाथमॅक तिच्या आयुष्यात एका सकाळपुरता येतो. पेटी वाचली ती एकट्या त्याच्यामुळे नाही, असं मला वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी अस्थींचं. कोलंबा ५६३ मध्ये आयर्लंडहून निघून आयोनावर आला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत मल नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या टोकापासून दीडेक किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडली की आयोना. लांबी पाच-साडेपाच किलोमीटर, झाडं नाहीतच म्हणावीत अशी, वारा मात्र बारमाही. इथून कोलंबानं मठांचं एक जाळं उभं केलं, जे आयर्लंड आणि उत्तर ब्रिटन अशा दोन्हीकडे पसरलं. ५९७ च्या ९ जूनला तो वारला आणि तिथेच पुरला गेला. शंभरेक वर्षांनी त्याच्याच गादीवर बसलेल्या ॲडमनाननं त्याचं चरित्र लिहिलं. ॲडमनान ६७९ ते ७०४ मठाधिपती होता आणि बारीकसारीक सांगायची त्याला हौस. कोलंबा जो दगड उशाला घेऊन झोपायचा तो थडग्यापाशी उभा केला आहे, हे तो सांगतो. एका वर्षी पाऊस दडला तेव्हा मठवासीयांनी काय केलं हेही सांगतो: कोलंबाचा पांढरा अंगरखा आणि त्यानं हातानं लिहिलेली पुस्तकं घेऊन ते नांगरलेल्या शेताभोवती फिरले, अंगरखा तीनदा झटकला, आणि पाऊस पडला.

म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीला आयोनाजवळ पवित्र वस्तू होत्या, पण त्या अंगरखा, पुस्तकं, दगड अशा. अस्थी जमिनीत. पेटीचं नाव नाही. ॲडमनानसारखा माणूस ती असती तर वगळणार नाही. त्या अस्थी उकरून सोन्याचांदीत ठेवल्या गेल्या त्या ॲडमनाननंतर, आठव्या शतकात केव्हातरी.

कशासाठी? भक्ती हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. आयर्लंडमध्ये तेव्हा संतांच्या नावानं कायदे निघत होते. ॲडमनाननं स्वतः ६९७ मध्ये बर इथल्या सभेत एक कायदा मांडला होता: युद्धात बायका, मुलं आणि धर्मगुरू यांना हात लावायचा नाही, लावला तर दंड. तो मेल्यावर ७२७ मध्ये त्याचे अवशेष समुद्र ओलांडून आयर्लंडला नेले गेले आणि कायद्याची पुन्हा द्वाही फिरवली गेली. या दोन गोष्टी शकावलीत एकाच नोंदीत येतात, ते उगाच नाही. कोलंबाच्या नावाचा कायदा ७५३, ७५७ आणि ७७८ मध्ये जाहीर झाल्याच्या नोंदी आहेत. संत स्वतः येतो, त्याच्या नावानं कायदा सांगितला जातो, त्याच्या नावानं दंड आणि देणी गोळा होतात. संत मेलेला असल्यामुळे येतो तो पेटीतून. पेटीला सोनं मढवायचं ते तिनं दरबारात संताच्या इतमामानं शिरावं म्हणून.

थोडक्यात, ही पेटी म्हणजे आयोनाची गादीच होती, फक्त उचलून नेता येण्याजोगी. ज्याच्याकडे पेटी, तो कोलंबाचा वारस. आणि ज्याच्याकडे वारसा, त्याच्याकडे दोन देशांतल्या मठांचा मान आणि वसूल. हे लक्षात घेतलं की पुढची पळापळ समजते. धातू वितळवून नवा करता आला असता. गादी करता आली नसती.

७९५ मध्ये उत्तरेकडून व्हायकिंगांची लांब गलबतं आली. आयर्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची बेटं त्या वर्षी लुटली गेली, त्यात आयोना होतं. ८०२ मध्ये आयोना जाळलं गेलं. ८०६ मध्ये मठातली अडुसष्ट माणसं मारली गेली. शकावली आकडा देते, नावं देत नाही. बेटावरच्या एका छोट्या खाडीला आज ‘हुतात्म्यांची खाडी’ म्हणतात आणि परंपरा या ६८ जणांचा संबंध तिच्याशी जोडते.

पुढच्याच वर्षी, ८०७ मध्ये, आयर्लंडच्या आतल्या भागात, समुद्रापासून दूर, केल्स इथं कोलंबाच्या नावाचा नवा मठ बांधायला सुरुवात झाली. ८१४ मध्ये तिथलं चर्च पूर्ण झालं. मठाधिपती केलाख यानं गादी सोडली आणि डियरमिट तिच्यावर बसला. आयोना टाकून दिलं नव्हतं. पण शहाण्या माणसांनी सामान बांधायला घेतलं होतं.

ब्लाथमॅक या काळात, उलट्या दिशेनं, आयोनाकडे आला.

त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल स्ट्राबो सांगतो ते असं: आयर्लंडच्या राजघराण्यातला, वारस, तरुणपणी सगळं सोडून मठात गेला. वडिलांना ते मान्य नव्हतं. त्यांनी आणि वजनदार मंडळींनी समजावून पाहिलं, तो बधला नाही. पुढे मठवासीयांचा प्रमुख झाला. या भागात फारसं नवं नाही. राजपुत्रानं घर सोडायचं, बापानं आडवं यायचं, हा संतचरित्राचा ठरलेला साचा आहे आणि स्ट्राबो तो निष्ठेनं भरतो. तरी फ्लानचा मुलगा म्हणून शकावली त्याला ओळखते, तेव्हा घराणं नाव घेण्याजोगं असावं.

तो मठाधिपती होता का, हा प्रश्न आहे. संतांच्या यादीत तो आयोनाचा मठाधिपती म्हणूनच येतो. पण ८१४ पासून गादीवर डियरमिट होता आणि ८२५ नंतरही तोच दिसतो. कोलंबाच्या वारसाला आता केल्सही पाहायचं होतं, आयर्लंडच्या राजांकडे जायचं होतं. तेव्हा बेटावर उरलेल्या मूठभर लोकांची जबाबदारी ब्लाथमॅकवर असावी, हे अभ्यासकांचं उत्तर मला पटतं. धोक्याच्या जागेवर प्रभारी नेमतात तसं.

मात्र त्याला तिथे कोणी ढकललं नव्हतं. परधर्मीय त्या बेटावर येतात हे माहीत असूनच तो गेला, असं स्ट्राबो स्पष्ट म्हणतो. त्याला हुतात्मा व्हायचं होतं.

आज हे वाचताना थोडं अवघडायला होतं. त्याचं उत्तर आयर्लंडच्या त्या काळच्या धर्मविचारात सापडतं. सातशेच्या आसपासच्या एका जुन्या आयरिश प्रवचनात हौतात्म्याचे तीन रंग सांगितले आहेत. देवासाठी आपली माणसं सोडून जाणं हे पांढरं. उपास आणि कष्ट यांनी वासना मारणं हे दुसरं. त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ हिरवा की निळा यावर पंडित अजून भांडतात. आणि जीव देणं हे लाल. पण आयर्लंडची अडचण अशी की तो देश ख्रिस्ती झाला तो जवळजवळ रक्त न सांडता. रोममध्ये सिंह होते, सम्राट होते, वेदीवर सांगायला रक्तसाक्षींची रांग होती. आयर्लंडमध्ये मिळत होतं ते पांढरं आणि हिरवं. म्हणून तिथले मठवासी होडीत बसून अनोळखी किनाऱ्यांकडे निघून जात. कोलंबानं केलं तेही तेच. लाल रंग त्यांना पुस्तकातून माहीत होता. ७९५ नंतर तो दाराशी आला. बहुतेकांना त्याची भीती वाटली, जे अगदी स्वाभाविक. ब्लाथमॅकला त्यात संधी दिसली.

तर ती सकाळ. परंपरा २४ जुलै धरते. गलबतं जवळपास आहेत ही बातमी बेटावर आधीच पोचली होती. ब्लाथमॅकनं सगळ्यांना एकत्र करून सांगितलं की ज्यांना माझ्याबरोबर मरण सोसायचं आहे त्यांनी थांबा, ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी आत्ताच निघा. काही थांबले. बाकीचे ओळखीच्या पायवाटांनी निघून गेले. स्ट्राबो त्यांना नावं ठेवत नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. दुसरा एखादा कवी असता तर त्यानं भ्याडांवर दहा ओळी खर्चल्या असत्या.

पेटी तोवर जागेवर राहिली नव्हती. मठवासीयांनी ती चौथऱ्यावरून उतरवली, जमिनीत खड्डा करून पुरली आणि वर हरळीचे जाड थर बसवले. पहाटेची मिस्सा चालू होती. ब्लाथमॅक वेदीपाशी होता. दार फोडून माणसं आत आली. त्यांनी बाकीच्यांना कापलं आणि याच्याकडे वळून विचारलं की कोलंबाच्या हाडांचं ते सोनं कुठे आहे.

स्ट्राबोच्या ब्लाथमॅकचं उत्तर दोन भागांचं आहे. पहिला भाग असा की तुम्ही म्हणता ते सोनं कुठे ठेवलंय हे मला ठाऊक नाही. दुसरा असा की ठाऊक असतं तरी ते माझ्या ओठांवर आलं नसतं. त्यावर त्यांनी त्याचे तुकडे केले, जमीन उकरून शोधलं, आणि पेटी मिळाली नाही.

संतचरित्राच्या दृष्टीनं दुसरा भाग महत्त्वाचा. पहिल्यावरच थांबला असता तर एक माहिती नसलेला माणूस फुकट मारला गेला असं झालं असतं. रक्तसाक्षी तो दुसऱ्या वाक्यामुळे ठरतो. मला मात्र पहिला भाग जास्त बोलका वाटतो. बेटावरचा प्रमुख, आणि त्यालाच जागा माहीत नाही? मठ तो केवढा! माझा तर्क असा की हे ठरवून केलेलं होतं. हल्ला झाला तर आधी प्रमुखाला धरणार, त्याचेच हाल करणार, हे पहिल्या तीन धाडींनंतर कुणालाही कळलं असेल. आणि ब्लाथमॅक जागेवरून हलणार नाही हे त्यानं स्वतःच जाहीर केलेलं. मग जो थांबणार आहे त्याला जागा न सांगणं, हाच शहाणपणा.

मग जागा कुणाला माहीत होती? ज्यांनी पुरलं त्यांना. त्यांच्यातले सगळे जर ब्लाथमॅकबरोबर मेले असते तर पेटी आजही आयोनाच्या हरळीखाली असती. पण तसं झालं नाही. चार वर्षांनी, ८२९ मध्ये, डियरमिट कोलंबाच्या पवित्र वस्तू घेऊन स्कॉटलंडकडे गेल्याची नोंद आहे, ८३१ मध्ये त्या घेऊन आयर्लंडला आल्याची. पन्नासेक वर्षांनी तर शकावली पेटीचंच नाव घेते. म्हणजे जागा माहीत असलेलं कोणीतरी जिवंत राहिलं, परतलं, आणि खणलं. पायवाटेनं गेलेल्यांपैकीच कोणीतरी.

आणि ही गोष्ट तरी बाहेर कशी आली? हरळीचे थर, पायवाटा, थांबा किंवा जा म्हणणारं भाषण, हे सगळं सांगायला साक्षीदार लागतो. स्ट्राबोनं त्यात रंग भरले आहेत, संवादाला हेक्झामीटर वृत्त दिलं आहे, दरोडेखोरांना डेन म्हटलं आहे (पश्चिम बेटांवर येणारे बहुधा नॉर्वेकडचे असत, पण जर्मनीतून पाहणाऱ्याला सगळे डेनच). तरी मूळ ऐवज कुणीतरी समुद्रापलीकडे नेला. नवव्या शतकात आयरिश मठवासी युरोपभर हिंडत होते. काही विद्येसाठी, काही पांढऱ्या हौतात्म्यासाठी, आणि आता काही नुसते जीव वाचवायला. राइशेनाऊला त्यांची ये-जा होती. आयोनाहून निघालेलं एक पुस्तकही तिथं पोचलं. ॲडमनाननं लिहिलेल्या कोलंबाचरित्राची आज असलेली सर्वांत जुनी प्रत आयोनाच्या डॉर्बेने नावाच्या लेखनिकानं लिहिली. या नावाचा आयोनाचा एक प्रमुख ७१३ मध्ये वारला, लेखनिक बहुधा तोच. ती प्रत राइशेनाऊच्या ग्रंथालयात होती. एकोणिसाव्या शतकात ती जवळच्याच शाफहाउझन गावी पुन्हा नजरेस आली आणि आजही त्या स्विस गावात आहे. आयोनावर जे राहिलं ते जळलं. बाहेर पडलेलं टिकलं.

स्ट्राबोविषयी दोन शब्द, कारण तो नसता तर ब्लाथमॅक ही शकावलीतली एक ओळच राहिला असता. स्ट्राबो म्हणजे तिरळा. हे टोपणनाव त्यानं स्वतःच मिरवलं. अठराव्या वर्षाच्या आसपास त्यानं आपल्या गुरूला मरणापूर्वी दिसलेल्या स्वर्ग-नरकाच्या दर्शनावर मोठं काव्य लिहिलं. मठातल्या वाफ्यांवर, त्यातल्या औषधी झाडांवर लिहिलेलं त्याचं काव्य आजही बागकामाची आवड असलेले लोक वाचतात. सम्राटाच्या धाकट्या मुलाचा तो शिक्षक झाला, ८३८ मध्ये राइशेनाऊचा मठाधिपती झाला, मग राजकारणात सापडून काही काळ परागंदा. ८४९ मध्ये राजाच्या कामगिरीवर असताना लॉयर नदी ओलांडताना तो बुडाला.

आणि योगायोग असा की ८४९ हेच साल पेटीच्या दृष्टीनं निर्णायक ठरलं. त्या वर्षी मठाधिपती इंद्रेख्ताख कोलंबाच्या पवित्र वस्तू घेऊन आयर्लंडला आला. त्याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये केनेथ मॅकअल्पिननं आपल्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी कोलंबाचे अवशेष स्वतः बांधलेल्या एका चर्चमध्ये नेले. ते डंकेल्डचं चर्च होतं असं मानतात. दोन नोंदी दोन वेगवेगळ्या देशांतल्या, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. शेजारी ठेवल्या की चित्र दिसतं: वाटणी झाली. एक हिस्सा केल्सकडे, एक डंकेल्डकडे. समुद्रात उघड्यावर पडलेल्या बेटापासून दोघांनीही अवशेष आत, सुरक्षित जमिनीवर नेले. दोघांनाही कोलंबा हवा होता. केनेथला तर पिक्ट आणि स्कॉट यांना एका राज्यात बांधण्यासाठी फारच हवा होता. धाडींना जे साधलं नाही ते भाऊबंदांनी सामोपचारानं केलं. इंद्रेख्ताख पाच वर्षांनी, ८५४ मध्ये, सॅक्सनांच्या मुलखात मारला गेला. तोही कोलंबाचा वारस आणि तोही हुतात्मा. पण त्याला स्ट्राबो मिळाला नाही.

८७८ मध्ये शकावली सांगते की कोलंबाची पेटी आणि इतर पवित्र वस्तू परकीयांपासून पळवून आयर्लंडला आणल्या. पुन्हा पळ. आता तर हे नेहमीचंच झालं होतं. नवव्या शतकात पेटी वाहून नेणं हा आयोनाच्या इतिहासातला सर्वांत नियमित विधी वाटावा.

मधल्या काळात व्हायकिंग बदलत होते. डब्लिनमध्ये त्यांचं राज्य उभं राहिलं, आयरिश घराण्यांशी सोयरिकी झाल्या. डब्लिनचा राजा ओलाफ क्वारान ९८० मध्ये ताराच्या लढाईत हरला, आणि पश्चात्ताप करायला कुठे गेला, तर आयोनाला. तिथेच वारला. ज्या बेटावर त्याच्या पूर्वजांनी कोलंबाची पेटी शोधायला जमीन उकरली, तिथे तो कोलंबाच्या आसऱ्याला आला. पण यातून सगळं गोडीगुलाबीचं झालं असं कोणी समजू नये. जेमतेम सहा वर्षांनी, ९८६ च्या नाताळच्या रात्री, डेन आयोनावर आले आणि मठाधिपतीसह पंधरा ज्येष्ठांना मारून गेले. ओलाफची माती तेव्हा नुकती कुठे बसली असेल.

१०९८ मध्ये नॉर्वेचा राजा मॅग्नस बेअरलेग्ज आरमार घेऊन या बेटांवर आला. वाटेतली बेटं त्यानं जाळत आणली. आयोनावर मात्र त्यानं लोकांना अभय दिलं. आइसलँडच्या सागांमध्ये असं आहे की त्यानं कोलंबाच्या लहानशा चर्चचं दार उघडवलं, पण आत गेला नाही. दार लगेच लावून घेतलं आणि कोणीही आत जायचं नाही असा हुकूम दिला. आज आयोनाच्या चर्चच्या पश्चिम दाराला लागून कोलंबाची म्हणून एक छोटी खोली आहे. जुन्या पायावर पुन्हा उभारलेली, चार पावलांत संपणारी.

पवित्र वस्तूंना धोका फक्त परकीयांकडून होता असंही नाही. १००७ मध्ये केल्सच्या चर्चमधून कोलंबाचं मोठं शुभवर्तमानाचं पुस्तक रात्री चोरीला गेलं. दोन महिने आणि वीस रात्रींनी ते सापडलं, वरचं सोनं काढून घेतलेलं, आणि हरळीखाली पुरलेलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेच आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेलं ‘बुक ऑफ केल्स’. दोनशे वर्षांपूर्वी मठवासीयांनी सोनं वाचवायला हरळी वापरली होती. चोरांनी सोनं काढल्यावर उरलेलं झाकायला वापरली. सोनं गेल्यामुळे मात्र त्या पुस्तकाचं भलं झालं असावं. नंतर चोराला त्यात घेण्यासारखं काही उरलं नाही, आणि पानं राहिली.

पेटीवर आणखी एकदा प्रसंग आला तो ११२७ मध्ये. डब्लिनच्या परकीयांनी, म्हणजे तोवर चांगले ख्रिस्ती झालेल्या नॉर्स वंशजांनी, कोलंबाची पेटी पळवली आणि महिन्याभरानं तिच्या घरी परत आणून दिली. ओलीस धरल्यासारखं हे प्रकरण वाचताना ब्लाथमॅकचं ८२५ साल फार लांब गेलेलं वाटतं. आता सोनं वितळवायचं नव्हतं, गादीचं मोल त्यांनाही कळलं होतं.

त्यानंतर पेटी धूसर होत जाते आणि दावे वाढत जातात. इंग्लंडमधली संतांच्या समाधिस्थळांची अकराव्या शतकातली एक यादी कोलंबाला टे नदीकाठी, म्हणजे डंकेल्डला, ठेवते. ११७७ मध्ये जॉन द कोर्सी या नॉर्मन सरदारानं आयर्लंडचा डाउन हा प्रांत बळकावला, आणि काही वर्षांतच तिथल्या चर्चमध्ये पॅट्रिक, ब्रिजिड आणि कोलंबा अशा आयर्लंडच्या तिन्ही मुख्य संतांच्या अस्थी एकत्र सापडल्या. ११८६ मध्ये पोपच्या कार्डिनलसमोर, कोलंबाच्याच सणाच्या दिवशी, त्या थाटामाटात पुन्हा पुरल्या गेल्या. परक्या मुलखात नव्यानं आलेल्या सरदाराला एवढ्या सोयीनं सापडलेल्या अस्थींकडे पाहून मान डोलवणं मला जड जातं. पण पेटीची जुनी गोष्ट इथंही तीच आहे: ज्याच्याकडे हाडं, त्याची जमीन.

पेटी दिसायची कशी, याचा अंदाज दुसऱ्या पेट्यांवरून येतो. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोनिमस्कची पेटी आहे: आठव्या शतकातली, उतरत्या छपराच्या घराच्या आकाराची, लाकडाला ब्राँझ आणि चांदीचे पत्रे जडवलेली. लांबी जेमतेम अकरा सेंटिमीटर, म्हणजे गळ्यात अडकवून रणात नेण्याजोगी. ‘ब्रेकबेनाख’ नावाचा कोलंबाचा एक अवशेष स्कॉटलंडचे राजे लढाईत बरोबर नेत. विल्यम राजानं तो १२११ च्या सुमाराला आर्ब्रोथच्या मठाच्या हवाली केला, बरोबर जमीनही दिली, आणि १३१५ मध्ये त्याची राखण मोनिमस्कच्या घराण्याकडे गेली. म्हणून ही पेटी म्हणजेच ब्रेकबेनाख, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. आता काही अभ्यासक म्हणतात की तो मुळात ध्वज असावा. कोलंबाच्या मुख्य पेटीशी तिची बरोबरी करता येत नाहीच. ती लहान बहीण, फार तर.

तशीच दुसरी पेटी कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तीही घराच्या आकाराची, तीही आयर्लंड किंवा स्कॉटलंडच्या कारागिराच्या हातची, आत संताचे अवशेष ठेवण्यासाठी केलेली. तिच्या तळावर रून लिपीत कोरलं आहे की ही पेटी रान्व्हाइक नावाच्या बाईची. समुद्रापलीकडून आणलेली अशी मठातली चीजवस्तू नॉर्वेत बायकांच्या कबरींमधूनही बरीच निघाली आहे. काहींच्या टाचण्या केलेल्या, काही तशाच. ब्लाथमॅकला ज्यांनी विचारलं त्यांना पेटी मिळाली असती तर तिचं साधारण असंच झालं असतं: पत्रे उचकटून वाटून घेतले असते, किंवा कुणा रान्व्हाइकनं तिच्यात दागिने ठेवले असते. आयोनाची पेटी त्यातून सुटली, तीन शतकं बोटींतून आणि खांद्यांवरून फिरली, आणि नाहीशी झाली. रान्व्हाइकची पेटी काचेमागे आहे, छपरासकट.